पाय मुरडला : चोळून घ्यायचा, घरी ठेवायचा की एक्स-रे काढायचा?

धुऱ्यावरून घसरून घोटा वळला की आमच्या गावात दोन सल्ले फुकट मिळतात. म्हातारी माणसं म्हणतात, चोळणाऱ्याकडे ने. पोरं म्हणतात, तालुक्याला चाल, फोटो काढू. तिसरा मार्ग पाय उंच ठेवून घरी बसायचा. कापूस वेचणीत तो कोणालाच परवडत नाही, पण पुष्कळदा तोच पुरतो.

आधी चार पावलं टाकून पाहा. लंगडत का होईना, टाकता आली आणि घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड व टोक, करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावरचा उंचवटा, घोट्यापुढचं आतलं हाड, यांपैकी काहीच दाबून दुखलं नाही, तर हाड मोडल्याची शक्यता फार कमी. सुजेवर जाऊ नका. साध्या लचकेतही घोटा टम्म फुगतो. मात्र लहान पोर असेल, शुगरमुळे पाय बधिर असेल किंवा गडी पिऊन पडला असेल तर ही परीक्षा धरू नका, सरळ दवाखाना.

चोळणाऱ्याचा हात हलका असेलही. पण 'नस चढली' म्हणतो, तिथे बहुधा हाडाला हाड बांधणारी दोरी, म्हणजे लिगामेंट, ताणलेली वा फाटलेली असते. पहिले दोन-तीन दिवस चोळलं तर आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. हाड मोडलेलं असलं तर ते सरकूही शकतं. त्यापेक्षा कपड्यात गुंडाळून बर्फ, एका वेळी 15-20 मिनिटं, आणि क्रेप बँडेज.

एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट नाही. म्हणून 'नॉर्मल' ऐकून दुसऱ्या दिवशी डवरा धरू नये. किरकोळ लचक 1 ते 3 आठवडे घेते, अर्धवट फाटलेलं लिगामेंट 3 ते 6, पूर्ण तुटलेलं 3 महिन्यांपर्यंत. घोट्याचं पूर्ण तुटलेलंही बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय, आधारपट्टा आणि व्यायामावर जुळतं. दुखणं ओसरलं की भिंतीला धरून एका पायावर उभं राहायची सवय करा. हे कोणी करत नाही, आणि तोच घोटा पुन्हा मुरडतो.

गुडघ्याचं गणित निराळं. कबड्डीत 'कट्' आवाज आला, दोन-चार तासांत गुडघा भरला आणि उतारावर दगा देऊ लागला, तर घरी वाट पाहू नका. यवतमाळ, अकोला, नागपूरचं सरकारी मेडिकल किंवा सेवाग्रामचं रुग्णालय, जे जवळ असेल तिथे हाडाच्या डॉक्टरला दाखवा. ऑपरेशन प्रत्येकालाच लागत नाही. मांडीचे स्नायू बळकट केल्यावरही बैलबंडीवर चढताना गुडघा निसटतो का, हे त्यांना नक्की सांगा.