काई ताकचं वळण: आठ महिने, एकच लँडिंग

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर कॉम्प्युटर बदलला, माइक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर टाकला आणि चार दिवस सगळे करतात तेच केलं. आपली सोसायटी शोधली, राजमाचीवरून घिरट्या घातल्या, मुंबईत उतरलो. पाचव्या दिवशी हाँगकाँगच्या जुन्या काई ताक विमानतळाच्या नादी लागलो, तो अजून तिथंच आहे. आठ महिने झाले. बायको म्हणते, "अहो, दुसरं गावच नाही का त्या खेळात?"

आहे, पण हे वळण दुसरीकडे नाही. काई ताकची धावपट्टी काउलून खाडीत भराव घालून समुद्रात काढलेली, आणि शहराच्या बाजूला डोंगरांची रांग. त्यामुळे १३ नंबरच्या धावपट्टीवर उतरताना सरळ रेषेत येणं शक्यच नव्हतं. रेडिओचा मार्गदर्शक झोत विमानाला ८८ अंशांवर, म्हणजे जवळपास पूर्वेच्या दिशेनं आणायचा, तोही धावपट्टीकडे नव्हे, मोठे चौकोन रंगवलेल्या एका टेकडीकडे! साधारण साडेसहाशे फुटांवर वैमानिकानं ऑटोपायलट सोडायचा, छपरांवरच्या दिव्यांच्या ओळीकडे बघत उजवीकडे ४७ अंश वळायचं आणि पंख सरळ होतात न होतात तोच चाकं टेकायची. ६ जुलै १९९८ला हा विमानतळ बंद झाला आणि तो थरारही संपला.

सिम्युलेटरमध्ये पृथ्वी आजची दिसते, म्हणजे काई ताक नाहीच. जुन्या धावपट्टीच्या टोकाला २०१३पासून क्रूझ टर्मिनल आहे, बाकी जागेवर इमारती. म्हणून काई ताकचं वेगळं ॲड-ऑन, म्हणजे खेळाला जोडायचा जादा भाग, विकत घ्यावं लागतं. ते टाकल्यावर व्हीएचएचएच या विमानतळाच्या जुन्या कोडनं शोधू नका, तो कोड नव्या विमानतळाकडे गेला. व्हीएचएचएक्सनं शोधा. माझा पहिला रविवार याच भानगडीत गेला.

मी घेतलेलं ॲड-ऑन (नाव लिहीत नाही, पुढच्या अपडेटमध्ये सुधारतीलही) दिसायला छान आहे, पण काळाचा घोळ आहे. खाली नव्वदच्या दशकातली छपरं, कपडे वाळत घातलेले, आणि त्यांच्यामागे आजचे काचेचे टॉवर. दिव्यांची ओळ दिवसा दिसतच नाही, रात्री डोळे दिपतात. त्यात सिम्युलेटरबरोबर आलेलं विमान ७४७-८, ज्याचं पहिलं उड्डाण २०१०चं. म्हणजे मी रोज अशा विमानतळावर उतरतो, जो हे विमान जन्मायच्या बारा वर्षं आधी बंद पडला. चालतंय.

आता मुद्द्याचं. पहिले दोन महिने मला हे लँडिंग साधलं नाही, आणि चूक हातात होती असंच वाटत राहिलं. जॉयस्टिकची संवेदनशीलता बदलली, वेग बदलला, वळण आधी घेतलं, उशिरा घेतलं. वहीत मांडून ठेवत होतो: डोंगर, इमारत, पाणी, पाणी, गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर), पाणी. पाण्याचं फार वाईट वाटून घेतलं नाही. १९९३च्या नोव्हेंबरात वादळी वाऱ्यात एक खरं ७४७-४००ही धावपट्टी संपून खाडीत गेलं होतं. आतले सगळे ३९६ जण वाचले. माझे कितीदा बुडाले, मोजदाद नाही.

मग एकदा चूक लक्षात आली. वळायला सुरुवात करायची त्या क्षणी धावपट्टी नाकासमोर नसतेच. ती असते तीस-चाळीस अंश उजवीकडे. माझ्या २४ इंची पडद्यावर तेवढी उजवी बाजू मावतच नव्हती. डाव्या खुर्चीतून तर मधला खांबही आड येतो. मी टेकडीकडे बघत अंदाजानं वळत होतो आणि धावपट्टी पडद्यात शिरेपर्यंत उशीर झालेला असायचा. खरा वैमानिक मान वळवून बघतो. एवढी साधी गोष्ट, आणि मी दोन महिने मनगटाला दोष देत बसलो.

त्यावर ओपनट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. साध्या वेबकॅमवर ते डोक्याची हालचाल पकडतं. मान जराशी वळवली की दृश्य फिरतं. पहिला आठवडा मळमळलं, हे खोटं कशाला सांगू. हालचालीचा वेग निम्मा केल्यावर बरं वाटलं. ज्यांना तेही नको त्यांनी उजव्या खुर्चीत बसावं, निम्मा त्रास तिथंच जातो. दुसऱ्याच दिवशी पहिल्यांदा धावपट्टीच्या मधोमध उतरलो. रात्रीचा एक वाजला होता, ओरडताही येईना.

त्यानंतरचे चार महिने वाऱ्याचे. वारा बंद ठेवून हे वळण आठवड्यात पाठ होतं, पण मग कंटाळाही येतो. २२० अंशांवरून, म्हणजे नैऋत्येकडून, १५ नॉटचा वारा लावा आणि बघा. झोतावर असताना तो उजवीकडून मागून ढकलतो, जमिनीवरचा वेग वाढतो, वळण पसरतं आणि विमान मध्यरेषा ओलांडून डावीकडे जातं. मग घाबरून उजवीकडे जास्त कलवायचं, दोनशे फुटांवर, शहराच्या डोक्यावर. जुन्या व्हिडिओंत विमानं शेवटच्या क्षणी वेडीवाकडी होताना दिसतात, ती अशा वेळी. ईशान्येचा वारा उलट आतल्या बाजूला आणतो. वळण कुठे सुरू करायचं हे दर वेळी वाऱ्यावर ठरतं, एकच जागा घोकून चालत नाही.

जॉयस्टिक चौथ्या महिन्यात आजारी पडली. मध्यावर सोडली तरी विमान हळूच डावीकडे कलायचं. दुकानदार म्हणाला, "साहेब, गेमिंगला एवढं चालतं." सेटिंगमध्ये मधला मृतभाग (जिथं दांडा हलला तरी विमान ऐकत नाही) वाढवून काम भागवलंय, पण बारीक दुरुस्त्या करताना त्याचा त्रास होतोच. विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायचे वेगळे रडर पेडल अजून घेतलेले नाहीत, जॉयस्टिक पिळूनच भागवतो.

खऱ्याच्या किती जवळ जातं? मुंबईत खऱ्या विमानातून २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरताना घाटकोपर-कुर्ल्याची पत्र्याची छपरं खिडकीतून दिसतात, तेव्हा विमान हलकेच धसकलं की पोटात गोळा येतो. सिम्युलेटरमध्ये डोळ्यांना सगळं मिळतं, पोटाला काही नाही. कललेलं विमान बुडाला कळत नाही, म्हणून कल बघायला नजर सारखी काट्यावर जाते, आणि नेमकं तेव्हाच बाहेर बघायचं असतं. यावर उपाय मला सापडलेला नाही.

कोणी नव्यानं सुरू करणार असेल तर आधी वेबकॅम, मग बरी जॉयस्टिक, ॲड-ऑन सगळ्यात शेवटी. आधीचा महिनाभर साध्या विमानतळावर हातानं उतरायचा सराव करा, वारा लावून. आणि काई ताकला पहिले दहा प्रयत्न दिवसाच करा, रात्री ती दिव्यांची ओळ फार सुंदर दिसते आणि माणूस उंची बघायचं विसरतो.