कल्चर की पीसीआर? स्किनच्या एनटीएम इन्फेक्शनसाठी

बोटावर गाठ, मग मनगटापर्यंत ओळीने आणखी दोन-तीन, आणि पेशंट सहज बोलून जातो की घरी फिशटँक आहे तो मीच साफ करतो, अशा वेळी मायकोबॅक्टेरियम मरीनम हा एनटीएम (टीबी आणि कुष्ठरोगाचे जंतू सोडून त्याच कुळातले बाकीचे जंतू) डोक्यात यायलाच हवा. बायोप्सी ठरली, पण तुकडा पाठवायचा कुठल्या टेस्टला, कल्चरला (जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) की पीसीआरला (जंतूचा डीएनए शोधणं)?

पीसीआरचा फायदा वेळेचा, एक-दोन दिवसांत उत्तर मिळतं. पण नुसती टीबीची पीसीआर केली आणि निगेटिव्ह आली तर एनटीएम नाही असं अजिबात होत नाही, इथे बरेच जण फसतात. शिवाय मेलेल्या जंतूचा डीएनए पण पॉझिटिव्ह दाखवू शकतो.

कल्चरला धीर लागतो. भराभर वाढणारे जंतू, म्हणजे मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस वगैरे, साधारण 7 दिवसांत दिसतात, बाकीच्यांना कित्येक आठवडे. मरीनमला तर 30 डिग्रीच्या आसपासचं तापमान लागतं, 37 ला ठेवलं तर उगवणारच नाही कदाचित, म्हणून लॅबच्या फॉर्मवर संशय लिहाच, प्लीज! आणि सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला की जंतू मरतात, कल्चर संपलं, एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा ठेवायचा.

तरी माझं मत कल्चरलाच, कारण कुठलं औषध चालेल ते तिथेच नीट कळतं. अ‍ॅब्सेससवर टीबीची नेहमीची औषधं चालत नाहीत, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकलाही तो नंतर रेझिस्टंट होऊ शकतो, त्यामुळे हे औषध चालतं का ही टेस्ट 14 दिवस बघतात. कोर्स महिनोन्‌महिने चालतो, तो चुकीच्या औषधावर गेला तर पेशंटचे हाल होतात. परवडत असेल तर दोन्ही करा, पण एकच जमणार असेल तर कल्चर.