कूलिंग टॉवरला क्लोरीन डायऑक्साइड : उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

अंबड एमआयडीसीत आमची प्लास्टिक मोल्डिंगची मशीनं आहेत. त्यांचे ऑइल कूलर टॉवरच्या पाण्यावर चालतात, मेंटेनन्स माझ्याकडे. पाण्यातले जिवाणू मारायला आधी हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं द्रावण) टाकायचो. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर ते बंद करून क्लोरीन डायऑक्साइड आणि जोडीला बायोडिस्पर्संट (जिवाणूंचा चिकट थर सुटा करणारं रसायन) सुरू केलं. आता पावसाळाही सरलाय.

आधीचं दुखणं असं. हायपो नेमाने पडत होतं, पाणी नितळ दिसायचं, तरी ऑइल टेम्परेचरचे अलार्म थांबेनात. कूलर उघडला की एंड कव्हरला आतून बुळबुळीत थर. तो बोटाने सारला की खाली काळा गाळ, सडक्या अंड्यांचा वास, आणि वायर ब्रश मारल्यावर लोखंडात खड्डे. थराच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात आणि धातू पोखरतात. शिवाय हा थर उष्णता अडवतो. तेवढ्याच जाडीच्या क्षारांपेक्षाही जास्त.

हायपो कमी पडण्याचं मोठं कारण पीएच. आमच्या टॉवरचं पाणी ८.५ च्या आसपास असतं. तिथे मुक्त क्लोरीनपैकी जेमतेम १० टक्के खऱ्या मारक रूपात असतो, आणि तोही वरच्या चिकट थरातच खर्ची पडतो. क्लोरीन डायऑक्साइडवर या पीएचचा फारसा परिणाम होत नाही. तो पाण्यात विरघळलेला वायू म्हणूनच राहतो, त्यामुळे थरात खोलवर शिरतो.

पण नुसतं औषध बदलून भागत नाही. आम्ही आधी बेसिन उपसलं, कव्हरं ब्रशने घासली, मगच डोसिंग चालू केलं. लाइनमध्ये लोखंडी कूपन, म्हणजे तपासणीसाठीच्या छोट्या पट्ट्या, लावलेत. ते काढून अंगठा फिरवायचा: पूर्वी अंगठा सरकायचा, आता धातूचा खरखरीतपणा लागतो. पाण्याच्या डिपस्लाइडपेक्षा (पाण्यात बुडवून जिवाणू मोजायची पट्टी) माझा या कूपनवर जास्त भरवसा आहे, कारण जिवाणूंचं घर पाण्यात नाही, भिंतीवर असतं. अलार्मही गेले.

तक्रारी आहेतच. खर्च हायपोपेक्षा बराच जास्त. डिस्पर्संट जास्त पडलं की बेसिनमध्ये फेस येतो. जून-जुलैत गढूळ पाणी आलं की डोस वाढवावाच लागतो, नाहीतर रेसिड्युअल, म्हणजे पाण्यात शिल्लक राहणारं औषध, टिकत नाही. द्रावण उन्हात ठेवायचं नाही, आणि वायू कोंडेल अशा बंद खोलीत तर मुळीच नाही. पुरवठादाराच्या माणसाने हे स्वतःहून सांगितलं नव्हतं, माहितीपत्रकात सापडलं. तुम्ही घेणार असाल तर आधी हेच विचारा.

स्टँडबाय पंपाच्या लाइनमध्ये मात्र चिकटा परत धरला होता. साचलेल्या पाण्यात कुठलंच औषध पोचत नाही. आता दर सोमवारी पंप आलटून पालटून चालवतो, आणि वापरात नसलेला पाइपचा तुकडा कापून प्लग मारलाय.