ब्रोकर-कॅरिअर करार: काही महिने वापरल्यानंतर

अमेरिकेतल्या एका छोट्या ट्रकिंग कंपनीचं डिस्पॅच आणि बिलिंग मी बघतो. ब्रोकर म्हणजे माल पाठवणारा शिपर आणि माल वाहणारी ट्रक कंपनी, म्हणजे कॅरिअर, यांच्यातला मध्यस्थ. अशा एका ब्रोकरशी केलेल्या करारावर आमचे ट्रक बरेच महिने धावताहेत. सगळे मैलाचा भाव विचारतात. भाव रेट कॉन्फर्मेशनवर, म्हणजे त्या-त्या लोडचा भाव पक्का करणाऱ्या कागदावर, येतोच. तो हातात किती पडणार, ते मात्र करारातली कलमं ठरवतात.

डिटेन्शनचंच, म्हणजे माल चढवता-उतरवताना ट्रक अडकून पडल्याच्या पैशांचंच घ्या. पहिले दोन तास फुकट, पुढे तासाप्रमाणे पैसे. पण अट अशी, की दोन तास संपायच्या आत ब्रोकरला लेखी कळवायचं आणि बिल ऑफ लेडिंगवर (मालासोबतच्या वाहतुकीच्या कागदावर) आत-बाहेरची वेळ रिसीव्हरच्या, म्हणजे माल उतरवून घेणाऱ्याच्या, सहीनिशी हवी. एका गोदामात ट्रक सहा तास डॉकला अडकला. ड्रायव्हरने पोचताच खिडकीवर वेळ टाकून घेतली, मी दीड तासाने ईमेल केला, निघताना पुन्हा सही. चार तासांचे पैसे बिनबोभाट आले. दुसऱ्या ठिकाणी रिसीव्हरने बाहेरची वेळ लिहायलाच नकार दिला. जीपीएसची नोंद पाठवली, तरी एक डॉलर मिळाला नाही. त्यानंतर भांडून ‘ईएलडीची नोंद पुरावा म्हणून ग्राह्य’ ही ओळ करारात घालून घेतली. (ईएलडी म्हणजे ड्रायव्हरचे तास आपोआप नोंदवणारं ट्रकमधलं यंत्र.) प्रत्येकाने घालून घ्यावी.

ऑफसेटचं कलम मला अजिबात मान्य नाही. मालाच्या नुकसानीचा दावा नुसता दाखल झाला, की ब्रोकर आमच्या दुसऱ्या लोडचे पैसे अडवू शकतो. जबाबदारी कोणाची हे ठरायच्या आधीच! ड्रायव्हरचा पगार आणि डिझेल तेवढे दिवस थांबत नाहीत.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमांतल्या कलम 371.3 खालचा हक्क सोडून देण्याची ओळही करारात शोधा. या नियमाप्रमाणे शिपरने ब्रोकरला किती दिले, याची नोंद बघायचा हक्क कॅरिअरला आहे. बहुतेक करार तो हक्क गुपचूप काढून घेतात. आमच्यातही ती ओळ होती आणि ती काढायला ब्रोकर तयार झाला नाही.

ब्रोकरला पैसे बुडाल्यास भरपाईसाठी ठेवाव्या लागणाऱ्या 75,000 डॉलरच्या बाँडवर (हमीवर) फार विसंबू नका. 2013 पूर्वी तो फक्त 10,000 होता, म्हणजे सुधारणा मोठी आहे. पण ब्रोकर बुडाला तर सगळ्या देणेकऱ्यांना मिळून तेवढीच रक्कम. म्हणून मी तीस दिवसांपेक्षा जास्त उधारी देत नाही.

ग्राहक पळवू नये हे कलम बारा महिन्यांचं आहे आणि ब्रोकरनेच ओळख करून दिलेल्या शिपरपुरतं. हे रास्त आहे. लोड परस्पर दुसऱ्या कॅरिअरला देण्यावरची बंदी तर हवीच. त्यात माल कोणाच्या ताब्यात, विमा कोणाचा, काहीच कळत नाही आणि ज्याने खरंच गाडी चालवली त्याचेच पैसे बुडतात.

पेमेंट आजवर वेळेवर आलं, म्हणून करार चालू ठेवलाय. ऑफसेटला ‘दावा सिद्ध झाल्यावरच’ अशी मर्यादा घालायचा मसुदा त्यांच्याकडे पाठवला आहे.