हत्यारं धारदार, क्रियापदं बोथट: स्वाहिली ‘कापाकापी’चे पत्ते

नैरोबी नाहीतर दार-ए-सलामला कामाधंद्यासाठी निघालेल्यांसाठी काढलेला हा स्वाहिली या पूर्व आफ्रिकेतल्या भाषेच्या ‘कापाकापी’च्या शब्दांचा ६० पत्त्यांचा संच मुंबईच्या फोर्टमधल्या एका दुकानात ३५० रुपयांना मिळतो. एका बाजूला चित्र, मागे देवनागरीत स्वाहिली शब्द आणि मराठी अर्थ.

हत्यारांचे पत्ते पैसे वसूल करून देतात. किसू म्हणजे सुरी, पांगा कोयता, शोका कुऱ्हाड, मुंदू विळा, किनोओ धार लावायचा दगड. पातासी आणि रांदा तर पाठ करायलाच नकोत, आपल्या सुताराची पटाशी आणि रंधाच ते! करवतीला मात्र ‘मसुमेनो’ छापलंय. तिथल्या ‘म’मध्ये ‘अ’ नाही. ओठ मिटून ‘म्’ धरायचा, मग सु-मे-नो, आणि जोर ‘मे’वर. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, हे डब्यावर एका ओळीत सांगता आलं असतं.

खरी गोची अनेकवचनाची. स्वाहिलीत शब्द पुढून बदलतो: किसू-विसू, म्सुमेनो-मिसुमेनो, पांगा-मापांगा, वेंबे (ब्लेड)-न्येंबे. संचात सगळी एकवचनंच. विशेषणालाही तोच ताल धरावा लागतो, म्हणून धारदार सुरी ‘किसू किकाली’ आणि सुऱ्या ‘विसू विकाली’. पत्त्यावर आहे ‘किसू काली’. हे चूक तर आहेच, वर मराठी डोळ्यांना सुरी काळी आहे असं वाटणार.

क्रियापदांत तर कात्री सरसकट चालवलीय. मराठीत आपण भाजी चिरतो, लाकूड फोडतो, कापड कातरतो. स्वाहिलीतही कुकाता (मूळ शब्द ‘काता’, पुढचा ‘कु’ म्हणजे आपलं ‘-णं’) म्हणजे कापणं, पण सोलायला कुमेन्या, भादरायला कुन्योआ, तुकडे-तुकडे करायला कुकाताकाता. कुचाना, कुचांजा, कुचिंजा हे तीन पत्ते लागोपाठ आहेत आणि तिन्हींवर अर्थ एकच, ‘कापणे’. प्रत्यक्षात कुचाना म्हणजे फाडणं, आणि केस विंचरणंही. कुचांजा म्हणजे सरपण फोडणं, आणि लस टोचणंही. कुचिंजा म्हणजे जनावराच्या गळ्यावर सुरी फिरवणं. सलूनमध्ये बसून हा शेवटचा शब्द वापरलात तर न्हावी हातातली कात्री खाली ठेवेल.

म्बुझीच्या पत्त्यावर शेळी आहे. बरोबर, पण अर्धवट. नारळ खवायच्या बुटक्या लाकडी बैठकीलाही म्बुझीच म्हणतात. तिच्या पुढच्या टोकाला दातेरी लोखंडी पातं असतं, वर बसून अर्धा नारळ त्यावर फिरवायचा. पूर्ण नाव ‘म्बुझी या कुकुनिया नाझी’: कुकुना म्हणजे खवणं, कुकुनिया म्हणजे एखाद्या वस्तूने खवणं. विळीच्या टोकाची खवणी ज्यांच्या घरात आहे, त्यांना हा पत्ता सगळ्यात आधी पाठ झाला असता.

आणि रोज कानावर पडणारा ‘काता’ गायबच. वीज गेली की ‘उमेमे उमेकातिका’, तिकीट काढायचं तर ‘कुकाता तिकेती’, आशा सोडली तर ‘कुकाता तामाआ’. नव्या माणसाला करवतीआधी हे लागतं.

घेणारच असाल तर अनेकवचनं स्वतः लिहून काढा. लॅमिनेशनवर बॉलपेन घसरतं, परमनंट मार्कर लागेल. आणि पावसाळ्यात डब्याचं झाकण घट्ट लावा, कोपऱ्यांचं प्लॅस्टिक सुटतं.