होस्टेलला निघालेल्या मुलीला कोणतं पुस्तक द्यावं?

नवोदयला सहावीत नंबर लागला, पाचगणीच्या शाळेत प्रवेश झाला किंवा अकरावीसाठी लातूर-पुणं गाठायचं ठरलं, की घरात ट्रंक, गादी आणि कुलपाची खरेदी सुरू होते. त्या सामानात एखादं हलकंफुलकं पुस्तकही असावं असं वाटतं. घरापासून लांब राहणाऱ्या मुलींच्या गोष्टी इंग्रजीत भरपूर आहेत. त्यातली नेहमी समोर येणारी तीन नावं म्हणजे एनिड ब्लायटनची ‘मॅलरी टॉवर्स’ आणि ‘सेंट क्लेअर्स’ या मालिका आणि जीन वेब्स्टरचं ‘डॅडी लाँग लेग्ज’. वरवर सगळी एकाच माळेतली वाटतात, पण मुलीला नेमकी कशाची धाकधूक आहे त्याप्रमाणे निवड बदलते.

“मला मैत्रीणच मिळाली नाही तर?” ही धाकधूक असेल तर डोळे झाकून ‘मॅलरी टॉवर्स’ घ्या. मूळ पुस्तकं सहा, 1946 ते 1951 या काळातली. शाळा कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी, चार बुरुजांची, आणि तिथला पोहण्याचा तलाव खडकात, भरतीच्या पाण्याने भरणारा. पण खरी गंमत इमारतीत नाही. डॅरेल रिव्हर्सला पहिल्याच दिवशी हुशार, तिखट जिभेची अ‍ॅलिशिया आवडते, तिच्याशीच मैत्री करायची असं ती मनाशी ठरवते, आणि अ‍ॅलिशियाची बेटी नावाची मैत्रीण आधीपासूनच आहे असं निघतं. मग डॅरेल नुसती मागे मागे. दोघींच्या जोडीत तिसरी होऊन फिरणं काय असतं ते होस्टेलमध्ये राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

तिकडे सॅली नावाची घुमी मुलगी “मला बहीण नाहीच” म्हणून हटून बसते, कारण घरी नवं बाळ आलंय आणि आपल्याला म्हणूनच लांब पाठवलं असं तिने मनात धरलेलं. डॅरेल संतापून तिला ढकलते, आणि त्याच रात्री सॅली आजारी पडते. आपल्यामुळेच झालं, या विचाराने डॅरेलची झोप उडते. खरं कारण असतं अपेंडिक्स, आणि ऑपरेशन करतात डॅरेलचे सर्जन वडील. (ब्लायटनचे दुसरे पतीही सर्जन होते, आणि त्यांचं नाव केनेथ डॅरेल वॉटर्स.) पुढे हीच सॅली डॅरेलची जिवाभावाची मैत्रीण होते. पहिली आवडलेली मैत्रीण आणि शेवटपर्यंत टिकलेली मैत्रीण वेगळी असू शकते, हे या मालिकेत कुणी भाषण न देता कळतं. मला ती इतर दोन्हींपेक्षा उजवी वाटते ती यासाठीच. मात्र पुस्तकं क्रमाने वाचायला हवीत, मुली दर भागात मोठ्या होत जातात.

‘सेंट क्लेअर्स’ (1941 ते 1945, मूळ सहा) जास्त विनोदी आणि हलकी आहे. पॅट आणि इसाबेल या जुळ्या बहिणी आधीच्या शाळेत प्रमुख होत्या, इथे त्यांना मोठ्या वर्गातल्या मुलींचे बूट पॉलिश करावे लागतात. नाक चांगलंच ठेचलं जातं. पण जुळ्यांना एकमेकींचा आधार आहेच, त्यामुळे एकटेपणाची धार इथे बोथट होते. जी मुलगी घरी आणि जुन्या शाळेत लाडावलेली आहे, “मी तिथली मॉनिटर होते” हे जिचं पालुपद आहे, तिला हे चपखल बसेल. मध्यरात्रीची चोरटी पार्टीही झकास: पोर्क पाय, सार्डिन, चॉकलेट केक आणि डब्यातलं अननस, सगळं एकदम! आपल्याकडे चिवडा-चकलीवर मॅगी चालतं, तसाच प्रकार.

दोन्ही मालिकांमधली एक गोष्ट आजच्या आईबापांना खटकेल. न आवडत्या मुलीला सगळ्यांनी मिळून वाळीत टाकणं किंवा तिची फजिती करणं इथे बऱ्याचदा रास्त ठरवलेलं आहे. मॅलरीतली ग्वेंडोलिन लबाड आणि रडी आहे हे कबूल, पण तिच्या वाट्याला येणारा तिरस्कार जरा जास्तच होतो. फ्रेंच शिकवणाऱ्या बाईही नुसत्या टिंगलीचा विषय. मुलीशी यावर बोला, पुस्तक लपवायची गरज नाही.

चौदा-पंधराच्या पुढची मुलगी असेल तर ब्लायटन तिला बाळबोध वाटेल. तिच्यासाठी 1912चं ‘डॅडी लाँग लेग्ज’. अनाथाश्रमातल्या जूडीला एक अनोळखी विश्वस्त कॉलेजात पाठवतो. अट एकच, तिने महिन्याला एक पत्र लिहायचं. हसरी सॅली मॅकब्राइड आणि खानदानाचा तोरा मिरवणारी जूलिया पेंडलटन या तिच्या मैत्रिणी. कुणीतरी मेटरलिंक या नाटककाराचं नाव घेतं आणि जूडी विचारते, “ही पहिल्या वर्षाला आहे का?” विनोद कॉलेजभर होतो. सगळ्यांनी लहानपणी वाचलेली पुस्तकं आपण वाचलीच नाहीत, हे कळल्यावर ती गुपचूप स्वतःच्या पैशांनी ती आणून वाचते. तालुक्याच्या गावातून पुण्याच्या कॉलेजात गेलेल्या मुलीला हे पान आपल्यावरच लिहिलंय असं वाटेल. शेवट प्रेमकथेचा आहे, आणि नायक बराच मोठा. त्यावर आजच्या मुली नाकं मुरडतात, मुरडू द्यावीत. कॉपीराइट संपल्यामुळे हे पुस्तक इंटरनेटवर रीतसर फुकट मिळतं. भाषा मात्र ब्लायटनपेक्षा अवघड. सेमी-इंग्रजीतल्या सातवीच्या मुलीला ब्लायटन जमेल, हे नाही.

ऑस्ट्रियातल्या होस्टेलच्या शाळेपासून सुरू होणाऱ्या ‘शॅले स्कूल’ मालिकेची जवळपास साठ पुस्तकं आहेत. होस्टेलच्या कपाटात तेवढी जागा नसते, सोडून द्या.

आणि जिला मुळात जायचंच नाही, जी रोज रडतेय, तिला यातलं काहीच देऊ नका. तिला ब्लायटनचंच 1940चं ‘द नॉटिएस्ट गर्ल इन द स्कूल’ द्या. त्यातली एलिझाबेथ इतका दंगा करायचा बेत करते की शाळेने वैतागून घरीच धाडावं. बेत फसतो, पण हळूहळू आणि पटेल असा.