हातोडा, हातोडी की मार्तूल?

गोव्यात राहून मराठीत सामानाची यादी, कामाच्या सूचना किंवा एखादा लेख लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. मलाही पडला होता. हातोडा, हातोडी आणि गोव्यात हातोडीला म्हणतात तो मार्तूल, हे तिन्ही शब्द मी आलटूनपालटून वापरून पाहिले आहेत.

हातोड्याचा पसारा मोठा. 'बेकायदा बांधकामांवर हातोडा' हा मथळा दर आठवड्याला कुठेतरी दिसतोच. लिलावात शेवटची बोली ठरते ती हातोड्यानेच. मैदानात हातोडाफेक असते आणि तिथे तर पुरुष खेळाडू तारेला बांधलेला गोळा भिरकावतात, तारेसकट वजन ७.२६ किलो. हातोडी घरगुती, हलकी. कानातल्या तीन हाडांची नावं शाळेत पाठ केली ती हातोडी, ऐरण, रिकीब अशीच. त्या जागी दुसरा शब्द मला तरी चालणार नाही.

अडचण येते ती प्रत्यक्ष वस्तू मागवताना. मेअखेरीस घराच्या कौलांखालच्या रिपा बदलायच्या होत्या. मी यादीत लिहिलं, 'हातोडा, नग १'. दुकानातून आला तो दोन्ही हातांनी उचलायचा, चिरे फोडायचा घणच म्हणा ना. दुसऱ्या दिवशी 'हातोडी' लिहून पाठवलं, तर घड्याळाचा खिळा ठोकायची इवलीशी आली. मागे खिळे उपटायला फाटच नाही. कौलं उतरवून ठेवलेली, आभाळ भरून आलेलं आणि मेस्त्री शिडीवर बसून विचारताहेत, "मार्तूल खंय आसा?" दोन दिवस गेले. दुकानदाराचीही चूक म्हणवत नाही. हातोडा नि हातोडी यांत फरक आकाराचा आणि आकार ज्याच्या त्याच्या नजरेत. सुताराची हातोडी सोनाराला हातोडाच वाटणार.

मार्तूल म्हटलं की मात्र इथल्या सुताराच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू येते: एका हातात मावणारी, लाकडी दांड्याची, एका बाजूला सपाट तोंड आणि दुसऱ्या बाजूला फाट. निदान माझ्या कामात तरी दुसरं काही आलेलं नाही. शब्द पोर्तुगीज 'मार्तेलो'वरून आलेला. काहींना तेवढ्यासाठी तो परका वाटतो. मला ते पटत नाही. चावी, बादली, पगार त्याच वाटेने आले आणि ते शब्द आपण मराठीतून काढायला निघत नाही. खुद्द मेस्त्रीसुद्धा तिकडचेच, 'मेस्त्रे'वरून आलेले. मलय भाषेतही हातोडीला 'मार्तिल' म्हणतात. जहाजांबरोबर हत्यारं गेली, त्यांच्याबरोबर नावंही गेली.

एक मान्य केलं पाहिजे. तुमचा वाचक नागपूरचा असेल तर मार्तूल त्याला अडेल, तिथे हातोडीच बरी. अतिक्रमणांवर मार्तूल चालवा असंही कोणी लिहिणार नाही. अलंकारिक अर्थ हातोड्याकडेच राहू द्यावा. पण फोंडा-डिचोलीच्या बाजूला काम करून घ्यायचं असेल, किंवा इथल्या सुतारशाळेसाठी काही लिहायचं असेल, तर माझा कल कुठे आहे हे एव्हाना कळलंच असेल.

परवा खिडक्यांच्या कामासाठी यादी केली. पहिली ओळ: 'मार्तूल, नग १, वजन अर्धा किलो.' तासाभरात हवी ती वस्तू दारात आली.